हंगामाच्या सणातलं ढेकूळ

कुंडीतली सुकलेली माती फोडताना कोरडा वास आला आणि बहात्तरच्या दुष्काळातला हंगामाचा सण आठवला. श्रीगोंद्याजवळच्या आमच्या चर्चमध्ये सणाच्या रविवारी प्रत्येक घर नवं पीक अर्पण करी. आमचं रान करपलं होतं. आई रोज सकाळी बांधावर उभी राहून रडायची.

त्या रविवारी तिने टोपलीतून रानातलं ढेकूळ नेलं.

“मार्थाबाई, हे काय?” पाळकांनी विचारलं.

“औंदा हेच पिकलं. रान त्याचं हाय. ठेवायचं का न्यायचं, त्यानंच बघावं.”

मागे कुणी हसलं. आईने देवाला टोमणा मारला, असं वाटून मी ओशाळले. पाळकांनी ढेकूळ ज्वारीच्या एकुलत्या कणसाशेजारी ठेवलं.

तो टोमणा नव्हता, रानाचा घोर तिने खरंच देवावर सोपवला होता, हे आज कळतं. दुसऱ्या सकाळी आई बांधावर थांबली नाही. सरळ दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली.