मेलेल्याने हलायचं नाही

शालेय लष्करी प्रशिक्षक ख्लोपुनोव, देम्यान साव्हेलिच. वय एकेचाळीस. आवाज उत्तम. उजवा हात कार्यक्षम. डावा पंजा रणांगणावर मातृभूमीस अर्पण. बालकांस युद्धाभ्यास देण्यास सर्वथा योग्य.

उरलमधल्या आमच्या शाळेत आधी हे वर्णन आलं, मग माणूस. पाचवीची पोरं लाकडी बंदुका घेऊन पोटावर सरपटू लागली, लाकडी हातबाँब फेकू लागली. पण ख्लोपुनोवचा खरा विषय वेगळाच होता.

"मी ज्याला मेला म्हणेन, त्याने आडवं व्हायचं. शिट्टी होईपर्यंत नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही."

"देम्यान साव्हेलिच, थंडीत माशी कुठली?" ग्लाशा त्युनिनाने विचारलं.

"मग तुला सोपंच आहे, त्युनिना. मर."

ग्लाशाला मरणं जमत नसे. आडवी झाली की खुदखुदायची, मान वर करून कोण जिंकतंय ते बघायची. "पुन्हा मर," तो म्हणे. ती चार-चारदा मरे. मैत्रीण रिम्मा चिडवायची, "तुला साधं मरता येत नाही गं." शेवटी ग्लाशाने मनावर घेतलं.

एकोणीसशे त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत, महायुद्ध चालू असताना, मोठा सराव झाला. टेकडी घ्यायची होती. ग्लाशा गवताच्या गंजीपलीकडे पहिल्याच हल्ल्यात मेली. वारा सुटला, बर्फ भुरभुरू लागला. ख्लोपुनोवने शिट्टी मारली, पोरं शाळेकडे पळाली. कोण जिंकलं ते ठरवायला त्याने दोन्ही बाजूंचे जिवंत मोजले. मेलेले मोजायची गरज नव्हती.

स्वयंपाकीण पाशामावशीने बाजरीची लापशी वाढली. एक वाडगा उरला.

"हा कुणाचा रे?"

त्या हिवाळ्यात लापशीच्या वाडग्याला धनी नसावा, हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं.

"ग्लाशाचा असेल," रिम्मा म्हणाली. "ती मेलीय ना." आणि आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं.

ख्लोपुनोव टोपी न घालताच धावला. ग्लाशा गंजीमागे सरळसोट पडली होती. अंगावर बर्फाचा थर, डोळे उघडे. तोंडाजवळचा बर्फ तेवढा वितळत होता.

"ऊठ, पोरी."

ओठ जेमतेम हलले. "शिट्टी."

त्याने शिट्टी मारली. तिला उठता येईना.

तो तिला पाठीवर घेऊन आला. मुख्याध्यापिका आगाफ्या पाव्हलोव्हना कळवळून म्हणाल्या, "बर्फाने चोळा हात तिचे."

"हात लावू नका." त्याने तिचा डावा हात आपल्या काखेत धरला आणि भिंतीकडे बघत बसला. "चोळलं की कातडी जाते. मला माहीत आहे."

"आज हलले नाही ना मी?" ग्लाशाने विचारलं.

"नाही. चांगली मेलीस."

तिची दोन बोटं गेली. बाईंनी तालुक्याला कळवलं : सराव यशस्वी, हानी निरंक. आणि त्याला खोलीत बोलावून विचारलं, हे असलं शिकवावं तरी कशाला? तो म्हणाला, लढाईनंतर पडलेल्यांत जे हलले त्यांना जर्मनांनी गोळ्या घातल्या. तो रात्रभर प्रेतांमध्ये प्रेत होऊन पडला, म्हणून वाचला.

डाव्या हाताला गोळी लागलीच नव्हती. तो हात त्या रात्री बर्फात गोठला होता.