उठवणीच्या खुर्च्या

सुताराच्या सुनेनं धंदा काढला आणि गल्लीनं तोंडात बोटं घातली. सासऱ्यांच्या दुकानात न खपलेल्या खुर्च्या छतापर्यंत रचून ठेवलेल्या होत्या. त्या तिनं भाड्यानं द्यायला सुरुवात केली.

"बूड टेकायचं भाडं?" नवरा म्हणाला. "उद्या श्वास घ्यायचंही लावशील."

"लावते की. तुमच्यापासूनच. घोरताना जरा जास्तच घेता."

काही वर्षांत शहरातली एकही सभा तिच्या खुर्च्यांवाचून भरेना. लोक तिला खुर्चीबाई म्हणू लागले. गोदामात मात्र दोन जातींच्या खुर्च्या होत्या, हे ती आणि तिची नणंद सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पहिली जात बसवणीची. ऐसपैस, मागे किंचित कललेली. दुसरी उठवणीची. ती नणंदेच्या हातून जन्मली. एकदा घाईत तिनं पुढचे पाय बोटभर आखूड कापले. दिसायला खुर्ची अगदी तशीच. बसणारा पडत नाही, त्याला खुपत नाही. तो फक्त पुढं घसरतो, मागं सरकतो, पुन्हा घसरतो, आणि थोड्या वेळानं त्याला घरची आठवण येते.

नणंद ती मोडायला निघाली होती. खुर्चीबाईनं हातातली करवत काढून घेतली आणि तसल्या आणखी करायला सांगितल्या. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ती एकच विचारी, "मंडळींनी किती वेळ बसायचंय?"

पुढं ती निवडून आली आणि महापौर झाली. शहरातली पहिली बाई महापौर. खुर्चीवरचे सगळे विनोद तिनं पहिल्याच आठवड्यात ऐकून संपवले आणि कामाला लागली.

मनात एक काम फार दिवसांचं होतं. धंद्याच्या सुरुवातीला ती मंडईत बसून खुर्च्यांची मागणी घ्यायची. शेजारी अंडीवाली मावशी असे. मावशी पहाटे येई, दिवेलागणीला उठे, आणि मधे पाण्याचा थेंब घेत नसे. "प्यायलं की जायचं कुठं, बाई?" ती विचारायची. मंडईत बायकांसाठी शौचालय नव्हतं. अजूनही नव्हतं.

खुर्चीबाईनं प्रस्ताव आणला. मतं तिच्याकडे होती, जेमतेम, पण होती. विरोधकांचे पुढारी होते वकीलसाहेब. त्यांना त्याच जागी, त्याच पैशात कारंजं हवं होतं. मतदान झालं की ते हरणार, हे त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी ठरवलं, मतदान होऊच द्यायचं नाही. सभा पाचला संपे, आणि बोलणाऱ्याला थांबवायचं तर सूचना त्याच्याच पक्षाकडून यावी लागे. वर्षाची ती शेवटची सभा. तोवर बोलत राहायचं, की प्रस्ताव बारगळला आणि पैसा कारंज्याला मोकळा.

त्याआधीच्या सभेत ते गरजले होते, "महापौरबाई अख्ख्या शहराला खुर्च्या पुरवतात आणि सभागृहात आम्हाला ढेकूण चावतात!"

"बदलते हं, वकीलसाहेब," ती गोड आवाजात म्हणाली. "आणि भाडंही नको."

गोदामात नणंदेनं विचारलं, "वहिनी, कुठल्या पाठवू?"

"वन्सं, हे काय विचारणं झालं?"

"तुझ्यापुरती बसवणीची ठेवते."

"नको. आपण खायचं तेच वाढायचं."

सभेच्या दिवशी वकीलसाहेब उभे राहिले. पाणी आणि मानवजात इथून त्यांनी सुरुवात केली. तास उलटला तरी मानवजात नदीकाठीच होती. आवाज खणखणीत, चेहरा टवटवीत. खुर्चीबाई घसरली, मागं सरकली, आणि तिच्या ध्यानात आलं. बोलणारा माणूस उभा असतो! त्याला खुर्चीचं काय? एवढा साधा हिशेब चुकला. घड्याळ चारच्या पुढं गेलं. मावशी तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात समोरच्या रांगांतून कुरकुर ऐकू आली. वकीलसाहेबांचीच माणसं. एक जण घसरत होता, दुसरा सरकत होता. त्यांचा सख्खा मेहुणा, औषधांचा दुकानदार, तर दोन्ही हातांनी खुर्ची धरून बसला होता.

"आता आपण कारंज्यांच्या इतिहासाकडे वळू," वकीलसाहेब म्हणाले.

"दाजी, वळू नका!" मेहुणा ओरडला.

वकीलसाहेब त्याच्याकडे वळले.

"अरे, थोडंच राहिलंय..."

"तुमचं काय जातंय? तुम्ही उभे आहात. आम्ही बसलोय!"

खुर्चीबाईनं चेहरा शक्य तितका गंभीर केला. "चर्चा थांबवून मतदान घ्यावं, अशी कुणाची सूचना आहे का?"

"आहे," मेहुणा म्हणाला. "माझीच."

त्याच्या मागच्या सगळ्यांचे हात भराभर वर गेले. वकीलसाहेब मटकन खाली बसले. बसले आणि पुढं घसरले. त्यांनी वाकून खुर्चीचे पाय पाहिले, मग व्यासपीठाकडे पाहिलं. खुर्चीबाई छताकडे बघत होती.

प्रस्ताव मंजूर झाला. सभा संपली तरी ती जागची हलेना. कंबर धरली होती. घ्यायला आलेल्या नणंदेनं काखेत हात घालून उठवलं.

उद्घाटनाला तिनं पाहुणे म्हणून वकीलसाहेबांनाच बोलावलं. ते आले, आणि बसण्याआधी खुर्चीला हात लावून थबकले.

"आज कुठल्या पाठवल्यात?"

"तुम्ही किती बोलणार त्यावर आहे."

ते हसले, बोलायला उठले आणि आभारांतून बाहेरच येईनात. फीत अजून तशीच ताणलेली होती. अंडीवाली मावशी गर्दीतून पुढं आली, फितीखालून वाकून सरळ आत गेली. सगळे बघत राहिले. थोड्या वेळानं ती पदराला हात पुसत बाहेर आली.

"आता कुणीतरी पाणी द्या गं," ती म्हणाली. "मोठा तांब्या भरून."