एका पातीचं अंतर

आभाळात विमानाची घरघर ऐकू आली की बायजाकाकू निंदता निंदता खुरपं थांबवायच्या आणि वर बघून खणखणीत आवाजात विचारायच्या, "जेवला का बे?" आम्ही बाया पोट धरधरून हसायचो. कपाशीवर औषध फवारणाऱ्या त्या विमानावर काकूंचा एकुलता एक मुलगा वामन मेकॅनिक होता. हंगामात त्याला घेऊन ते अकोल्याच्या धावपट्टीवरून जळगावच्या नव्या धावपट्टीकडे निघालं की मोताळ्याच्या आमच्या शिवारावरून जायचं.

मी लग्न होऊन काकूंच्या शेजारी आले, तेव्हा सासरच्या माणसांची नावं कळायच्या आधी मला हे अंतर कळलं होतं. "रेलगाडीनं अर्धा दिस जाते. माहा वामन एका पातीत पोचते!" पात म्हणजे निंदताना एकेकीच्या वाट्याला येणारी ओळ, या बांधापासून त्या बांधापर्यंत. घड्याळ काकूंना कळायचं, पण पटायचं नाही. विमान दिसलं की त्या नवी पात धरायच्या आणि ती संपली की जाहीर करायच्या, "उतरला वं माहा वामन." मग पदरानं घाम पुसायच्या.

एका हंगामात ते विमान इंजिन बंद पडून नांदुऱ्याकडच्या एका वावरात उतरलं. जीव कोणाचा गेला नाही. वामन हात गळ्यात बांधून घरी आला, तो घरीच बसला. हात बरा झाला, तरी विमानाचा आवाज आला की तो उठून आतल्या खोलीत जायचा.

काकूंच्या दिरांना हेच हवं होतं. "बस झालं आता. वावर सांभाळ," ते म्हणाले. वामननं मान डोलावली. आम्हालाही वाटलं, बरं झालं. विधवेचं एकच लेकरू, डोळ्यांपुढं राहील.

काकूंनी दोघांना वाढलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, वावर मी पाह्यतो. वामन, तू कामावर जाय."

"माय, मले भेव वाटते."

"हाव, वाटनच. घरी बसून कमी झालं का? चाल, मी येतो अकोल्यापावतर."

सोबतीला त्यांनी मला घेतलं. धावपट्टीवर काकूंनी ते दुरुस्त झालेलं विमान पहिल्यांदा जवळून पाहिलं. "एवढंसंच?" त्या पुटपुटल्या. चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग पुढं होऊन त्यांनी विमानाला हळदकुंकू लावलं, औताला जुंपायच्या आधी बैलाच्या पाठीवर थाप मारावी तशी पंखावर थाप मारली आणि वामनला म्हणाल्या, "बस."

तो वैमानिकाच्या मागं बसला. विमान वर गेलं, दिसेनासं झालं. मी मनातल्या मनात त्या बाईच्या पाया पडले.

तेवढ्यात त्यांनी माझा हात धरला.

"लय भेव वाटते वं मले. पण माह्या भेवानं त्याले काऊन बांधू?"

परतीच्या गाडीत आमचं उतरायचं स्टेशन, नांदुरा, येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.