मुठीतली नळी

ग्वाल्हेरच्या थंडीत आमच्या प्रयोगशाळेतली वीज हमखास जायची. जंतुसंसर्ग झाला की रक्त का गोठतं, यावर मॅडमचं संशोधन चालायचं आणि मी त्यांची विद्यार्थिनी होते. रुग्णाचं रक्त काचेच्या नळीत शरीराइतकंच ऊबदार ठेवून ते कधी गोठतं ते बघावं लागायचं. वीज गेली की ऊब देणारं यंत्र बंद. मग मॅडम एक नळी माझ्या मुठीत द्यायच्या, दुसरी स्वतःच्या मुठीत धरायच्या आणि म्हणायच्या, "आता बोल काहीतरी. हात अडकलेत, जुबान तो फ्री है ना."

मी खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आमच्या घरची भांडणं सांगायचे. मॅडम रक्तातल्या पेशींबद्दल सांगायच्या. जंतूंना पकडायला पेशी जाळं टाकतात, त्या जाळ्यावर रक्त गोठतं. पण जाळी फार झाली की शरीराचेच रस्ते बंद होतात. मधूनच नळी तिरपी करून बघायची, पुन्हा मूठ मिटायची.

आता नवं यंत्र आपोआप आकडा सांगतं, इन्व्हर्टरही आहे. त्या खोलीत कुणी कुणाशी बोलत नाही. मला तिथे बसवत नाही.

गेल्या हिवाळ्यात मॅडमच तापाने आजारी पडल्या. संसर्ग रक्तात पसरला होता, पायात गुठळी झाली होती. मी भेटायला गेले तेव्हा त्यांचा हात गार पडला होता. तो मी मुठीत धरला.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "अगं, बोल काहीतरी."