नानांच्या विहिरीवरची लाल पाटी

माझी हातात आलेली केस ज्यांनी ब्लीचिंग पावडर टाकून घालवली, ते माझे क्लायंट नाना आज सकाळी गेले.

दिघाशीचे. थोडी भातशेती, दोन म्हशी आणि नाल्याच्या कडेला आजोबांनी बांधलेली विहीर.

मी भिवंडीत वकिली करते. प्रदूषणाच्या केसेस घेते. म्हणजे फी कमी, तारखा जास्त. घरचे याला लष्करच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात.

नाना पहिल्यांदा निजामपुऱ्यातल्या माझ्या ऑफिसात आले ते पाण्याची बाटली घेऊन. पाणी गुलाबी होतं.

गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवायचं युनिट सुरू झालं होतं. त्यांचं पाणी नाल्यात, आणि नाल्यातून झिरपून नानांच्या विहिरीत.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. नक्की काय हवंय? युनिट बंद, की भरपाई?

"पाव्हण्याला पाणी देता येत न्हाय, वकीलबाई. एवढंच हाय."

त्यांच्या घरी आल्यागेल्याला आधी विहिरीचं पाणी आणि गुळाचा खडा. मग बाकीचं बोलणं. ते बंद पडलं होतं.

अर्जात हे नुकसान कोणत्या शब्दांत लिहायचं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मी त्यांना समजावलं की ही बाटली पुरावा म्हणून चालत नाही. प्रदूषण मंडळाचे साहेब येतील, रीतसर सॅम्पल घेतील, सील करतील, सह्या होतील. मग लॅबचा रिपोर्ट.

नानांनी त्यातलं एकच ऐकलं. साहेब येणार.

आता साहेब येणार म्हटल्यावर आपल्याकडे गाव काय करतं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

अंगण सारवलं. रांगोळी काढली. नाल्यावरचा फेस काठीने पुढच्या गावाकडे ढकलला.

आणि नानांनी पंचायतीच्या पाणीवाल्याला गाठून विहिरीत आणि नाल्यात घमेलंभर ब्लीचिंग पावडर टाकून घेतली. साहेबांना नाक दाबून उभं राहायला लागलं, तर गावाची काय इज्जत राहिली?

वास गेला. रंगही गेला.

साहेबांनी समोर होतं ते पाणी भरून नेलं. रिपोर्ट स्वच्छ आला. पुण्याला हरित लवादासमोर युनिटच्या वकिलांनी तो मोठ्याने वाचला आणि मी खाली मान घालून ऐकला.

बाहेर आल्यावर नानांना पावडरीने काय केलं ते सांगितलं.

"म्हंजे पुरावा आपणच धुतला."

मी भयंकर चिडले होते. त्यांनी समोरच्या टपरीवर मला चहा पाजला. माझा कप आधी स्वतः विसळून घेतला.

तसं युनिटवाले तरी वेगळं काय करत होते? परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली की त्या दिवशी गेटवर झेंडूच्या कुंड्या आणि नाला कोरडा.

आम्ही पुन्हा सॅम्पल मागितलं. खूप खटपटीनंतर मिळालं.

त्या दिवशी नाना सकाळपासून विहिरीच्या कठड्यावर काठी घेऊन बसले होते. कुणाला झाडू हातात घेऊ दिला नाही. विधवा सून सुगंधा शेणाची बादली घेऊन अंगणात आली, तिलाही परत पाठवलं.

ऊन होतं. साहेबांनी प्यायला पाणी मागितलं. नानांचा चेहरा उतरला. सुगंधाने जारचं पाणी आणून दिलं.

"साहेब, हे विकतचं हाय," नाना म्हणाले. "घरचं तुमच्या बाटलीत हाय."

या वेळी रिपोर्ट खरा आला.

सुनावणीत मी 'पोल्युटर पेज' मांडलं. प्रदूषण करेल त्यानेच ते निस्तरायचं, हे जगभरातल्या देशांनी मान्य केलेलं तत्त्व आहे, वगैरे. नंतर नानांना मराठीत सांगितलं.

"याच्यासाठी सगळ्या जगाला जमायला लागलं? आमची आय बोलायची, सांडलंस तू, तूच पूस."

ऑर्डर झाली. शुद्धीकरण यंत्रणा बसेपर्यंत युनिटने नाल्यात थेंब सोडायचा नाही. गावाला टँकर द्यायचा. विहीर साफ करायचा मुद्दा पुढे चालू. आणि तोपर्यंत विहिरीवर पाटी.

'हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.' लाल अक्षरात.

कायद्याने नानांच्या हातात दिलेली पहिली दिसणारी वस्तू म्हणजे ही पाटी. मला तिचा अभिमान होता. नानांना ती आजोबांना दिलेली शिवी वाटायची.

नातीच्या लग्नात त्यांनी त्या पाटीवर स्वतःचा पंचा टाकला. मी म्हटलं, नाना, लवादाच्या आदेशाने लावलेली पाटी आहे, झाकता येत नाही.

म्हणाले, वऱ्हाड गेलं की काढतो. आणि काढला.

आज मी त्यांच्या घरी गेले तेव्हा अंगण झाडलेलं होतं. सुगंधा चुलीपाशी बसली होती. तिने जे सांगितलं ते तसंच लिहिते.

पहाटे त्यांनी पाणी मागितलं. तिने जारचं आणलं. त्यांनी ओठ घट्ट मिटले. तिने पुन्हा पेला लावला, त्यांनी मान फिरवली.

मग ती दोर आणि कळशी घेऊन विहिरीवर गेली.

"पाटी दिसली मला, वकीलबाई. पन आता त्यांना अयोग्य काय होणार होतं?"

मी विचारलं, पाणी कसं होतं? सवयीने विचारलं.

"गुलाबी झाक हाय अजून. पन ते प्यायले. दोन घोट. बोलले, आपलं हाय."

मी सहसा क्लायंटच्या घरी रडत नाही.

अर्जदार वारला की वारसाचं नाव लावावं लागतं. मी तो विषय आज काढणार नव्हते. निघताना सुगंधानेच काढला. म्हणाली, माझं नाव लावा.

नाना, पुढच्या तारखेला तुमच्या जागी ती उभी राहील. विहीर साफ झाली की पहिलं पाणी प्यायला मी येईन. गूळ तयार ठेवायला तिला सांगितलं आहे.

जा म्हणत नाही. या आता.