थोरला कोण?

ते प्रकरण आठवले की आजही तोंड कडू होते. पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि बहारीनमध्ये एका वकिलाच्या ऑफिसात तपासाच्या कामाला लागलो, त्या वेळचे हे. सरकारी नोकरी संपली होती, ताठा संपला नव्हता.

आमचे अशील म्हणजे एक इंग्रज लॉर्ड घराणे. म्हातारा लॉर्ड इथेच वारला. मागे दोन मुलगे, चाळिशीचे जुळे. एक लंडनला, दुसरा इथेच अमवाजच्या बंगल्यात बापाचे दुखणे काढत राहिलेला. त्यांच्या रीतीप्रमाणे पदवी, तिकडची जमीन, जुनी कोठी, इथला बंगला, सगळे थोरल्याला. धाकट्याच्या हाती धुपाटणे. आणि थोरला कोण हेच कुणाला ठाऊक नव्हते. जन्म इथेच, जनाबियातल्या घरी अवचित झालेला, डॉक्टर उशिरा आलेला, आई त्याच आठवड्यात गेलेली. दाखल्यावर तारीख होती, वेळ नव्हती.

दोन महिने आम्ही कागद चाळले. शेवटी त्यांचा जुना ड्रायव्हर, रत्नागिरीचा, मला म्हणाला, "कागद कसले शोधताय साहेब? बाळंतपणाला बाय होती ना. तिला विचारा की!"

बाय म्हणजे घरातली आया, सावंतवाडीकडची. सत्तरीची बाई समोर वावरत होती आणि मोलकरणीला विचारावे हे एकाही शहाण्याला सुचले नव्हते. मलाही नाही.

ती सांगेना. "दोगव माजेच. माका कित्याक इचारतास?" तिला इथल्यानेच सांभाळले होते, तिचा व्हिसाही त्याच घराचा. मी जुनी युक्ती केली. चहा मागवला, गावच्या गोष्टी काढल्या आणि मग एकदम रवळनाथाची शपथ घातली. "थोरला कोण, सांगा."

बाय रडायला लागली. "थोरलो लंडनवालो. माज्या धाकल्याचा घर मी माज्याच तोंडान घालयलंय."

मी जबाब लिहिला, वाचून दाखवला, अंगठा घेतला. मग त्याचे इंग्रजी करताना लिहिले, लंडनवाला आधी जन्मला. इथल्याने वाद घातला नाही. बाय खोटे बोलणार नाही म्हणाला आणि सही करून मोकळा झाला. मला वकिलाने शाबासकी दिली, ती मी मिरवली.

पुढे महिन्याभराने जिदहफ्सला एका ओळखीच्या घरी जुळ्यांचे बारसे होते. बायही आली होती. कुणीतरी थोरला कोणता म्हणून विचारले, तर बाळांची आई म्हणाली, "हा. दहा मिनिटं आधी झाला."

बाय हसली. "खुळा काय गो? मागसून इलो तोच थोरलो. पयलो पोटात शिरलो, तो मागसून भायर येतलो मां!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला. तिला बाजूला घेऊन विचारले, "लंडनवाला आधी झाला की नंतर?"

"नंतर. म्हणान तर थोरलो."

दुसऱ्या दिवशी वकिलाच्या टेबलापुढे उभा राहिलो. त्याने ऐकून घेतले आणि फाइल बंद केली. "सह्या झाल्यात. खलास. आणि तुमचा व्हिसा आमच्या ऑफिसचा आहे, हे लक्षात असू द्या."

माझ्या लक्षात राहिले. इथल्याचे घर माझ्या माहितीत होते, फोन नंबर खिशात होता. मी फोन केला नाही.

बंगला विकला गेला. बायचा व्हिसा रद्द झाला. विमानतळावर मीच सोडायला गेलो, तेवढे केले. ती म्हणाली, "धाकल्याचा वायट झाला. पण सायबानू, देवाक धरून खराच सांगलंय मां मी?"

"हो बाय, खरंच सांगितलंत," मी म्हणालो. तिने मला हात जोडले.

खात्यातले नवे अधिकारी भेटले की मी त्यांना सांगतो, थोरला कोण असे विचारू नका, आधी कोण जन्मला ते विचारा. हे झाले जबाबापुरते. पण नोकरीभर मी साक्षीदारांवर खेकसत आलो, की खरे माहीत असून गप्प बसतोस, लाज वाटत नाही? वाटते. लाज वाटते आणि तरीही माणूस गप्प बसतो, हे मला त्या प्रकरणात कळले.