साठच्या पुढची थरथर

१२ फेब्रुवारी, गुरुवार. हवा कोरडी. साठच्या पुढे गाडी थरथरते, हा तिसरा आठवडा. भाऊजी म्हणाले, इंजिन गेलं, पडेल भावात मी घेतो, शनिवारी सह्या करू. मिस्त्रींनी चाकं तपासली, ती ठीक. म्हणाले, उद्या चालवून बघू. दोघांचाही भरवसा नाही.

बाईंनी रोजनिशी मिटली. तारीख, हवा, कोण आलं, काय मोडलं, हे रोज लिहायची सवय कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली. नवरा गेल्यापासून घर त्याच्या डिझेल पिकअपवर चालत होतं. ड्रायव्हर पाइप आणि सिमेंट वाहायचा. गाडी गेली तर धाकट्या दिराच्या तोंडाकडे बघत दिवस काढावे लागणार होते, आणि ते तोंड बाई चाळीस वर्षं ओळखून होत्या. पण मिस्त्री तरी कुठले धुतल्या तांदळासारखे? त्यांनी गाडीखालच्या शाफ्टचं मधलं बेअरिंग बदललं आणि मगच हे दुखणं सुरू झालं.

शुक्रवारी मिस्त्री गाडी घेऊन निघाले, तशा बाई रोजनिशी पोटाशी धरून शेजारी चढून बसल्या.

"मावशी, घरी थांबा की. हाडं खिळखिळी होतील."

"होऊ देत. तुम्ही काय करता ते मला बघायचंय."

"पोलिसात होता का हो तुम्ही?"

"सिस्टरांच्या शाळेत. पोलीस बरे."

पासष्टला सीटखालून थरथर सुरू झाली. आरशात मागचा रस्ता दुहेरी दिसू लागला. वेग तसाच ठेवून मिस्त्रींनी पाचव्याचा चौथा गिअर केला. इंजिन ओरडलं, थरथर तेवढीच. मग न्यूट्रल. इंजिन मंदावलं, थरथर तरीही तेवढीच.

"बघितलंत? दोष इंजिनात नाही, मागे आहे. इंजिन गेलं म्हणणाऱ्याला गाडी कळत नाही."

"किंवा चांगली कळते," बाई पुटपुटल्या.

गॅरेजात मिस्त्री गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. मागच्या चाकांना ताकद पोचवणारा लांब शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो. ते दातांच्या खाचेत एकमेकांत बसतात, आणि दोन्ही टोकांचे दुबेळक्यासारखे काटे एका रेषेत यावे लागतात. चिखल पुसून त्यांनी पोलादी पट्टी लावली, काढली, पुन्हा लावली.

"बोला की!"

"जोड एक दात सरकून बसलाय. खोलण्याआधी मी दोन्ही तुकड्यांवर पिवळ्या रंगाची रेघ मारतोच, मावशी. इथे रेघच नाही."

"मारलीच नसेल."

"तीस वर्षांत कधी चुकलो नाही!"

बाईंनी रोजनिशीची पानं उलटली आणि चष्मा सावरून वाचलं, "बावीस जानेवारी. मिस्त्रींनी शाफ्ट उतरवला, पिवळ्या रेघा मारल्या. मिस्त्री बेअरिंग आणायला गेले. भाऊजींनी तेवढ्यात शाफ्ट डिझेलने धुऊन चकचकीत केला."

मिस्त्री खड्ड्यातून वर आले. "रेघ दिसेना, तेव्हा मी नजरेच्या अंदाजाने बसवला," ते खाली बघत म्हणाले. "पट्टी लावायला हवी होती. चूक माझीच. पण ओला रंग कुणी पुसला, ते मला माहीत नव्हतं."

शाफ्ट पुन्हा बसवून होतो न होतो तोच दीर हजर.

"काय वहिनी, इंजिनच ना?"

"भाऊजी, उभ्या जन्मात तुम्ही चहाचा कप विसळला नाहीत. शाफ्ट कसा धुवावासा वाटला?"

"मदत केली हो! वाईट केलं का?"

दिराचे कान लाल झाले होते. उन्हानेही होतात. बाईंनी तो वाद घातला नाही, हात पुढे केला.

"तुमच्याकडची किल्ली द्या."

"आणि उद्याच्या सह्या?"

"आधी किल्ली."

परत येताना पिकअप सत्तरला गेली. आरशात रस्ता एकच होता. तरीही बाईंनी मिस्त्रींना परत एकदा पासष्टला आणायला लावलं, आणि मग पुन्हा एकदा.

संध्याकाळी त्यांनी लिहिलं: गाडीच्या दोन्ही किल्ल्या साखरेच्या डब्यात ठेवल्या. साखर बरणीत काढली.